मानसोपचार नर्स प्रॅक्टिशनरचा ऑनलाइन अभ्यासक्रम निवडताना

माझी भाची टेक्सासमधील एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. तिची रात्रपाळी संपते तेव्हा आमच्या कसबा बावड्यात दिवेलागणीची वेळ झालेली असते, आणि त्या अर्ध्या तासात तिचा फोन येतो. गेले काही महिने या फोनचा विषय एकच आहे. "मावशी, सगळ्या कॉलेजांच्या जाहिराती सारख्याच वाटायला लागल्यात. नेमकं बघू तरी काय?" मी मानसिक आरोग्य परिचर्या हा विषय कोल्हापुरात पुष्कळ वर्षे शिकवला असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे एकट्या तिच्याकडून येत नाही. मिरज, सांगली, इचलकरंजी येथून शिकून परदेशी गेलेल्या आणि आता पुढचे शिक्षण घेऊ पाहणाऱ्या अनेक माजी विद्यार्थिनी तेच विचारतात. त्यांना तुकड्यातुकड्यांनी जे सांगत आले, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आरंभी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण कोल्हापुरात बसून हा अमेरिकी अभ्यासक्रम करता येईल अशी आशा काही जणी बाळगून असतात. तसे होत नाही. या अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी अमेरिकेतील एखाद्या राज्याचा नोंदणीकृत परिचारिकेचा परवाना लागतो, आणि त्यातील रुग्णसेवेचे तास त्याच देशात पूर्ण करावे लागतात. उलट बाजूने, पूर्णपणे ऑनलाइन असलेल्या अभ्यासक्रमाच्या आधारावर विद्यार्थी व्हिसाही मिळत नाही, कारण त्या व्हिसावर असणाऱ्या विद्यार्थ्याला एका सत्रात पूर्णवेळ शिक्षणाच्या हिशेबात एकच ऑनलाइन विषय धरता येतो. म्हणजे हा मार्ग मुख्यतः एनसीलेक्स ही अमेरिकेतील परिचारिका परवान्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन, नोकरीच्या आधारावर तेथे स्थायिक झालेल्या परिचारिकांचा आहे. जिला येथेच राहून मनोरुग्णांसाठी काम करायचे आहे, तिच्यासाठी मानसिक आरोग्य परिचर्येतील एम.एस्सी. नर्सिंग किंवा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा हेच सरळ रस्ते आहेत. भारतीय परिचर्या परिषदेने नर्स प्रॅक्टिशनर या नावाचा निवासी अभ्यासक्रम अतिदक्षता विभागासाठी आणला आहे, परंतु अमेरिकेतील मानसोपचार नर्स प्रॅक्टिशनरसारखे निदान करून औषधे लिहून देणारे पद आपल्याकडे नाही.

हे पद नेमके काय आहे, हे थोडक्यात सांगते. नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने सुरू केला. पुढे मानसिक आरोग्यासाठी ही शाखा स्वतंत्रपणे वाढली. आज या शाखेची पदवीधर व्यक्ती लहान मुलापासून वृद्धापर्यंत कोणत्याही वयाच्या रुग्णाची मानसिक तपासणी करते, निदान करते, औषधे देते आणि समुपदेशनही करते. तिला डॉक्टर म्हणत नाहीत, पण रुग्णाच्या आयुष्यात तिची चूक डॉक्टरच्या चुकीइतकीच महाग पडते. म्हणून अभ्यासक्रम निवडताना तो लवकर संपतो का आणि स्वस्त आहे का, हे दोन प्रश्न मी सर्वांत शेवटी ठेवायला सांगते.

सर्वांत आधी मान्यता तपासावी. प्रमाणपत्र परीक्षा घेणारी एएनसीसी ही संस्था सीसीएनई, एसीईएन किंवा एनएलएन सीएनईए या मान्यता देणाऱ्या तीन संस्थांपैकी एकीची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांनाच परीक्षेला बसू देते. ही मान्यता विद्यापीठाच्या जाहिरातीतील चिन्हावरून ठरवू नये. मान्यता देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरील यादीत त्या विद्यापीठाचे नाव आणि नेमक्या अभ्यासक्रमाचे नाव शोधावे. येथे एक बारकावा पुष्कळ जणींच्या लक्षात येत नाही. पदव्युत्तर पदवीला मिळालेली मान्यता ही पदव्युत्तरनंतरच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला आपोआप लागू होत नाही, तिची नोंद वेगळी असते. ज्यांच्याकडे आधीच कौटुंबिक नर्स प्रॅक्टिशनरची पदवी आहे आणि ज्या केवळ प्रमाणपत्र घेऊन मानसोपचाराकडे वळू पाहतात, त्यांनी ही दुसरी नोंद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शुल्क भरू नये. तसेच 'मान्यतेसाठी अर्ज केला आहे' आणि 'मान्यता मिळाली आहे' ही दोन वाक्ये एकच नव्हेत. जानेवारी 2023 मध्ये फ्लोरिडातील बनावट परिचर्या पदविकांचे जे प्रकरण उघडकीस आले, त्यात 7,600 हून अधिक खोट्या पदविका विकल्या गेल्याचे तपास यंत्रणांनी सांगितले. त्या प्राथमिक पदविका होत्या, नर्स प्रॅक्टिशनरच्या नव्हत्या, तरीही छापील कागदावर किती विश्वास ठेवावा याची कल्पना त्यावरून येते.

मान्यतेनंतर राज्याचा प्रश्न येतो. आपल्याकडे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी घेऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी केली की गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत नियम एकच असतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे परिचर्या मंडळ स्वतःचे नियम करते, आणि एका राज्यातील विद्यापीठ दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या विद्यार्थिनीला शिकवते तेव्हा दोन्ही ठिकाणचे नियम लागू होतात. परवान्याकडे नेणारा अभ्यासक्रम कोणत्या राज्यांच्या अटी पूर्ण करतो आणि कोणत्या राज्यांच्या करत नाही, हे विद्यापीठाने जाहीर करणे तेथील संघीय नियमांनुसार बंधनकारक आहे. हे पान संकेतस्थळाच्या तळाशी, लहान अक्षरांत दडलेले असते. ते शोधून आपल्या राज्याचे नाव पाहावे, आणि पाच वर्षांनी पतीची नोकरी जेथे जाण्याची शक्यता आहे त्या राज्याचेही पाहून ठेवावे. नोंदणीकृत परिचारिकेचा बहुराज्यीय परवाना हातात असला, तरी तो नर्स प्रॅक्टिशनरच्या कामाला चालत नाही, त्यासाठी प्रत्येक राज्यात वेगळी परवानगी घ्यावी लागते.

कामाचे स्वातंत्र्यही राज्यागणिक बदलते. ॲरिझोना, न्यू मेक्सिको, वॉशिंग्टन या राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे दवाखाना चालवू शकते. न्यूयॉर्कमध्ये 3,600 तासांच्या अनुभवानंतर डॉक्टरशी लेखी सहकार्य करार करण्याची अट सुटते. टेक्सासमध्ये औषधे लिहिण्यासाठी डॉक्टरने अधिकार सोपवल्याचा करार लागतो, आणि तो डॉक्टर त्यासाठी दरमहा मोबदला मागू शकतो. माझ्या भाचीने स्वतःचा दवाखाना काढण्याचे चित्र मनात रंगवले होते. हा मोबदला हिशेबात धरल्यावर ती तूर्त रुग्णालयातील नोकरीचाच विचार करू लागली आहे. यात वाईट काही नाही, मात्र ते प्रवेश घेण्यापूर्वी कळलेले बरे.

आता ज्या गोष्टीवर माझ्या मते सगळी निवड अवलंबून आहे तिच्याकडे येते. ऑनलाइन असतात ती व्याख्याने, रुग्ण ऑनलाइन नसतो. नर्स प्रॅक्टिशनर शिक्षणाच्या राष्ट्रीय निकषांत पूर्वी किमान 500 तासांच्या रुग्णसेवेची अट होती, ती 2022 च्या आवृत्तीने 750 तासांवर नेली. या तासांचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. पंधरा आठवड्यांची तीन सत्रे धरली, तर आठवड्याला जवळपास सतरा तास होतात, म्हणजे दोन पूर्ण दिवस. जी बारा तासांच्या तीन पाळ्या करते, तिचे आठवड्याचे छत्तीस आणि हे सतरा मिळून त्रेपन्न तास अभ्यासाला हात लावण्यापूर्वीच संपतात. 'नोकरी करता करता आरामात पूर्ण करा' असे जाहिरात म्हणते, तेव्हा ती या शेवटच्या वर्षाबद्दल गप्प असते.

हे तास ज्या अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली करायचे, तिला प्रिसेप्टर म्हणतात. ती बहुधा मानसोपचार नर्स प्रॅक्टिशनर किंवा मनोविकारतज्ज्ञ असते. अशी व्यक्ती शोधून देण्याची जबाबदारी कोणाची, हा या सगळ्या प्रकरणातला खरा प्रश्न आहे. काही विद्यापीठे जागा ठरवून देतात, काही 'साहाय्य करतात', आणि काही विद्यार्थिनीच्या हातात अर्ज देऊन मोकळी होतात. मधल्या शब्दापासून सर्वाधिक सावध राहावे, कारण साहाय्य म्हणजे कधी कधी जुन्या दूरध्वनी क्रमांकांची एक यादी असते. माझ्या एका माजी विद्यार्थिनीने नाव न घेण्याजोग्या एका विद्यापीठात प्रवेश घेतला होता. वर्षभराचे लेखी विषय उत्तम गुणांनी पूर्ण झाले, आणि मग तिने चाळीसहून अधिक दवाखान्यांना पत्रे लिहिली. एकाने होकार दिला आणि सत्र सुरू होण्याच्या आठ दिवस आधी तो मागे घेतला. विद्यापीठाचे उत्तर असे होते, की जागा मिळेपर्यंत तिने रजेवर जावे. तिचे एक सत्र वाया गेले, आणि शेवटी तिने दलालाला तासावर पैसे देऊन प्रिसेप्टर मिळवला. ती फोनवर रडली नाही, फक्त म्हणाली, "मॅडम, आपल्याकडं वॉर्ड पोस्टिंगची यादी नोटीस बोर्डावर लागायची, त्याची किंमत आत्ता कळली."

म्हणून प्रवेशापूर्वी विद्यापीठाला ईमेलने काही प्रश्न विचारावेत, आणि उत्तरही लेखीच मागावे. माझ्या जिल्ह्यात किंवा तासाभराच्या अंतरात सध्या आपले किती विद्यार्थी तास करत आहेत? ठरलेला प्रिसेप्टर मध्येच सोडून गेला तर दुसरा कोण आणि किती दिवसांत देईल? प्रिसेप्टरला मोबदला द्यावा लागला तर तो कोणाच्या खिशातून जाईल? दूरचित्रसंवादाद्वारे पाहिलेल्या रुग्णांचे किती तास मोजले जातात? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तसा नाही. पडद्यावर रुग्णाचा चेहरा दिसतो. औषधाच्या दुष्परिणामाने त्याच्या हाताला सुटलेला कंप, बसल्या जागी सतत हलणारा पाय, कपड्यांना येणारा वास, यांपैकी बरेच काही चौकटीबाहेर राहते.

आम्ही विद्यार्थिनींना आंबा घाटातून एसटीने रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात घेऊन जात असू. तेथे प्रत्येकीला एका रुग्णाशी झालेले संभाषण शब्दशः वहीत उतरवायचे असे, ज्याला आम्ही प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणतो. रुग्ण काय म्हणाला, आपण काय म्हणालो, आणि त्यामागे काय असावे, असे तीन रकाने. एका मुलीने पहिल्या दिवशी पहिल्या रकान्यात 'रुग्ण दहा मिनिटे गप्प होता' एवढेच लिहून आणले. मी लाल शाईने विचारले, दहा मिनिटे नजर कुठे होती, हात काय करत होते, तू उठून जायला निघालीस तेव्हा काय झाले? दुसऱ्या दिवशी तिची दोन पाने भरली. तो माणूस पदराएवढ्या चादरीच्या टोकाला गाठ मारत होता आणि सोडत होता, आणि ती उठली तेव्हा त्याने गाठ घट्ट धरून ठेवली. अशी लाल शाई जिथे मिळते तो अभ्यासक्रम चांगला, असे माझे सरळ मत आहे. विद्यापीठाला विचारावे, की विद्यार्थिनीच्या रुग्णनोंदी कोण वाचते, आणि तिने घेतलेली मुलाखत अध्यापक प्रत्यक्ष किंवा चित्रफितीवर पाहतात का. एका अध्यापकाच्या वाट्याला किती विद्यार्थिनी येतात, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे.

अभ्यासक्रमाच्या आशयाबाबत तीन पायाभूत विषय स्वतंत्रपणे शिकवले जातात याची खात्री करावी. प्रगत विकृत-शरीरक्रियाशास्त्र (पॅथोफिजिऑलॉजी), प्रगत आरोग्य तपासणी आणि प्रगत औषधशास्त्र, हे तिन्ही सर्व वयोगटांना लागू असलेले आणि वेगवेगळे असावे लागतात. प्रमाणपत्र परीक्षेच्या पात्रतेसाठी किमान दोन मानसोपचार पद्धतींचे प्रत्यक्ष प्रशिक्षणही अपेक्षित असते. औषधांवरच भर देऊन संवादोपचार एका प्रकरणात गुंडाळणारे अभ्यासक्रम पुष्कळ आहेत. मुलांच्या आणि किशोरांच्या रुग्णसेवेचे तास मिळवणे सर्वांत अवघड जाते, म्हणून त्यांची सोय कशी केली आहे हे वेगळे विचारावे. व्यसनमुक्तीचा विषयही पाहावा, कारण जून 2023 पासून नियंत्रित औषधे लिहिण्याची संघीय नोंदणी करताना व्यसनविकारांवरील आठ तासांचे प्रशिक्षण दाखवावे लागते, आणि चांगल्या अभ्यासक्रमात ते अंतर्भूत असते.

जाता जाता एक निरीक्षण. आपल्याकडचा रुग्ण 'मी उदास आहे' असे क्वचितच म्हणतो. तो 'छातीत धडधडतंय', 'डोकं जड झालंय', 'जेवण जात नाही' असे सांगतो, आणि ज्या मुली कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या ओपीडीत हे ऐकत वाढल्या त्यांचा कान शरीराच्या भाषेतून मनाकडे जायला सरावलेला असतो. अमेरिकेतील स्थलांतरितांसोबत काम करताना हा कान उपयोगी पडतो. प्रवेशअर्जासोबतच्या निबंधात पुस्तकी ध्येयवाक्ये लिहिण्यापेक्षा असा एखादा प्रसंग लिहावा.

कागदपत्रांना वेळ लागतो, हे गृहीत धरावे. भारतातील बी.एस्सी. नर्सिंगच्या गुणपत्रकांचे मूल्यांकन सीजीएफएनएस (आताचे नाव ट्रूमेरिट) किंवा डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून करून घ्यावे लागते, आणि विद्यापीठ त्यांपैकी कोणाचे स्वीकारते हे आधी विचारावे. नाशिकहून मोहोरबंद ट्रान्सक्रिप्ट काढण्यासाठी कोल्हापुरातील आईवडिलांना खेटे घालावे लागणार असतील, तर अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत त्यांच्याजवळ आधीच देऊन ठेवावी. ज्यांच्याकडे जीएनएमची पदविका आहे, त्यांना बहुतेक ठिकाणी प्रथम पदवीपर्यंतचा पूरक अभ्यासक्रम करावा लागतो. काही विद्यापीठांत तो जोडूनच असतो.

खर्चाचा हिशेब प्रति श्रेयांक (क्रेडिट) दरावर थांबवू नये. समजा, एका ठिकाणी 48 श्रेयांक 700 डॉलर दराने आहेत, म्हणजे 33,600 डॉलर, आणि दुसऱ्या ठिकाणी तेच 1,000 डॉलर दराने, म्हणजे 48,000 डॉलर. पहिला स्वस्त दिसतो. पण पहिल्यात प्रिसेप्टर स्वतः शोधायचा असेल आणि त्यापायी चार महिने वाया गेले, तर काय होते ते पाहा. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या 2023 च्या आकड्यांनुसार नोंदणीकृत परिचारिकेचे मध्यक वार्षिक वेतन 86,070 डॉलर आणि नर्स प्रॅक्टिशनरचे 126,260 डॉलर होते. म्हणजे पदवी चार महिने लांबली की तेरा हजारांहून अधिक डॉलरचा फरक बुडतो, आणि दलालाचे पैसे वेगळेच. वरकरणी चौदा हजारांनी महाग असलेला अभ्यासक्रम अशा वेळी तितकाच पडतो, आणि झोप तरी शाबूत राहते. याशिवाय तंत्रज्ञान शुल्क, पार्श्वभूमी तपासणी, लसीकरण, आणि अभ्यासक्रमात विद्यापीठाच्या परिसराला प्रत्यक्ष भेट असल्यास विमानाचे भाडे जमेस धरावे. या भेटींना मी खर्च म्हणून पाहत नाही. केंटकीतील फ्रंटियर परिचर्या विद्यापीठासारखी संस्था पूर्वीपासून दूरशिक्षण देत असूनही विद्यार्थ्यांना काही दिवस प्रत्यक्ष बोलावते, त्यामागे कारण आहे.

ग्रीन कार्ड असलेल्या परिचारिकेला तेथील संघीय शैक्षणिक कर्ज मिळू शकते, मात्र 2025 च्या कायद्याने नियम बदलले आहेत. पदव्युत्तर शिक्षणासाठीचे ग्रॅज्युएट प्लस हे कर्ज 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांना बंद होते, आणि साधारण पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी संघीय कर्जाची मर्यादा वर्षाला 20,500 डॉलर व एकूण 1,00,000 डॉलर अशी ठरवली आहे. जुन्या माहितीवर आधारलेला सल्ला देणारी मंडळी अजून भेटतील, म्हणून हे मुद्दाम लिहिले. ज्या रुग्णालयात नोकरी आहे त्याच्या शिक्षणभत्त्याची चौकशी कर्जाच्या आधी करावी. त्या बदल्यात किती वर्षे तेथेच राहण्याचा करार करावा लागतो, तेही वाचावे.

परीक्षेच्या निकालाबाबत विद्यापीठे मोठ्या अक्षरांत टक्केवारी छापतात. ती पहिल्या प्रयत्नाची आहे की एकूण, किती जणांची आहे, आणि सुरुवातीला प्रवेश घेतलेल्यांपैकी कितीजण परीक्षेपर्यंत पोहोचले, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्या टक्केवारीला अर्थ नाही. शंभरातील साठ वाटेत गळाले आणि उरलेल्या चाळिसातील अडतीस उत्तीर्ण झाले, तरी जाहिरातीत 95 टक्केच दिसतात.

व्याख्याने ठरलेल्या वेळी थेट होतात की सवडीने पाहता येतात, ही बाब ज्याच्या त्याच्या संसारावर अवलंबून असल्याने त्यात माझा काही आग्रह नाही. रात्रपाळी करणारीला सवडीचा प्रकार सोयीचा पडतो, पण महिन्यातून निदान दोनदा तरी अध्यापकासमोर बसून एखाद्या रुग्णाबद्दल बोलण्याची वेळ ठरलेली असावी.

भाचीने गेल्या पंधरवड्यात दोन विद्यापीठांना वरचे प्रश्न पाठवले. एकाने उत्तरादाखल पुन्हा तेच रंगीत माहितीपत्रक धाडले, आणि त्याचे नाव तिने यादीतून खोडले. दुसऱ्याने तिच्या घरापासून तासाभराच्या अंतरातील तीन ठिकाणे कळवली, त्यांपैकी एक किशोरवयीनांचे केंद्र आहे. गुरुवारी रात्रपाळी उतरल्यावर ती तेथे स्वतः जाऊन बघणार आहे, आणि तिथे आता शिकत असलेल्या एका विद्यार्थिनीशी बोलणार आहे. त्या मुलीला पहिला प्रश्न काय विचारायचा, ते आम्ही कालच्या फोनवर ठरवले: "तुझी वही कोण तपासतं?"